आपल्या रानाची माती आणि मातीचं कार्ड

रेडिओजवळ एक वही आणि पेन घेऊन बसा, मधे थोडे आकडे येणार आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणारं पोरगं जवळ बसवा.

मे महिना लागला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या येतात आणि रजिस्टरमध्ये ओळीनं एकच कारण लिहिलं जातं, खत-बियाणं. त्यात वाईट काही नाही. पण मी अलीकडं एक जास्तीचा प्रश्न विचारते. कोणतं खत, किती पोती आणि ते कुणी ठरवलं? उत्तर येतं, "दुकानदार देतो ते." नाहीतर, "शेजारच्या रानात टाकलं म्हणून." नाहीतर, "दरसाल तेवढंच टाकतो की." मग मी विचारते, माती परीक्षणाचं कार्ड आहे का? पुष्कळ जणींकडं असतं. कुणाच्या पेटीत सातबाऱ्याच्या खाली, कुणाच्या देव्हाऱ्यामागं, कुणी पोराच्या दप्तरात पुठ्ठा म्हणून दिलेलं. घरात आहे, पण वाचलेलं नाही. कर्ज मात्र बाईच्या नावावर निघतं आणि हप्ता बाईच फेडते. आता ज्या पोत्याचा हप्ता मी फेडणार, ते पोतं माझ्या रानाला लागतंय का, एवढं तरी मला कळायला नको का? म्हणून आज मातीबद्दल बोलू आणि मग ते कार्ड उघडून बघू.

सुरुवात दगडापासून करावी लागेल. आपली मराठवाड्यातली बहुतेक जमीन एकाच दगडापासून झाली आहे, काळ्या कातळापासून. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून आतला तापलेला रस वर आला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन दगड झाला. अजिंठा आणि वेरूळची लेणी ह्याच दगडात कोरली आहेत. ऊन, पाऊस, झाडांची मुळं यांनी तो दगड झिजत गेला. विहीर खणताना तुम्ही हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली कडक कातळ. मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला दगड. मातीचा बोटभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि उताराच्या रानातून तेवढाच थर काही पावसाळ्यांत ओढ्याला जातो. बांध फुटला की आपण नुकसान पिकाचं मोजतो. मातीचं कुणी मोजत नाही.

आता एक घमेलं माती घ्या. ते भरलेलं दिसतं, पण चांगल्या मातीत निम्मी जागा रिकामी असते. पुस्तकात आदर्श मातीचं माप दिलेलं असतं: ४५ टक्के दगडाचा बारीक चुरा, ५ टक्के कुजलेला पालापाचोळा आणि जीवजंतू, २५ टक्के पाणी आणि २५ टक्के हवा. ह्यातले ते ५ टक्के आपण सध्या विसरू. आपल्या कोरडवाहू रानात कुजलेला भाग एक टक्क्याच्या आसपासच सापडतो. त्याच्याकडं पुढं येते, कारण खरं दुखणं तिथंच आहे.

दगडाच्या चुऱ्यात तीन प्रकारचे कण असतात. जाड ती वाळू, मधला तो पोयटा आणि सगळ्यात बारीक ती चिकणमाती. चिकणमातीचा कण किती बारीक? एका मिलिमीटरचे ५०० भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा किंवा त्याहून लहान. घरी बघायचं असेल तर काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती घाला, वर पाणी भरा, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि फळीवर ठेवून द्या. मिनिटाभरात वाळू तळाला बसेल. दोन-तीन तासांत तिच्यावर पोयटा बसेल. आणि चिकणमाती? ती दुसऱ्या दिवसापर्यंत, कधी त्याहून जास्त वेळ, पाणी गढूळ ठेवील. मग थर मोजा. भारी काळ्या रानाची बरणी असेल तर वरचा थर सगळ्यात जाड दिसेल. अशा मातीत निम्मी चिकणमाती असणं ही नेहमीची गोष्ट आहे. मुरमाड माळावरची माती असेल तर तळाचाच थर जाड. एकाच घरच्या दोन रानांच्या बरण्या शेजारी ठेवून बघा, मग दोन्हीकडं सारखी पोती का टाकायची नाहीत ते कुणी समजावून सांगायला नको.

ही चिकणमाती आपल्या काळ्या रानाचा गुणही आहे आणि खोडही. ती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची माती त्या भेगांत पडून आपोआप खालीवर होते. फुगलेली माती पाणी धरून ठेवते, त्याच ओलीवर आपली रब्बीची ज्वारी निघते. आपल्या आज्या पाऊस संपल्यावर ज्वारी पेरायच्या आणि पुढं एक पाणी न देता कणसं घरी आणायच्या, ती करामत ह्या कणांचीच. पण तीच माती पावसात चिकट होते, हवा कोंडते आणि वाळली की खुरपं लागू देत नाही.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. माती काळी आहे म्हणजे कसदार आहे, असं आपण लहानपणापासून ऐकलं. काळा रंग बराचसा त्या कातळातल्या लोहाच्या खनिजांमुळं आणि चिकणमातीला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा कुजलेल्या अंशामुळं येतो. थोडासाच अंश सगळ्या मातीला काळं करतो. त्यामुळं कोळशासारख्या काळ्या रानातही कुजलेलं खत जवळजवळ संपलेलं असू शकतं. रंगावरून कस ओळखायचा नाही.

वाफसा तुम्हाला मी शिकवायचा नाही, तुम्हीच मला शिकवाल. फक्त त्याचं कारण सांगते. ते निम्मं रिकामं घमेलं आठवा. पाऊस पडला की सगळी रिकामी जागा पाण्यानं भरते आणि हवा बाहेर जाते. मुळालाही श्वास लागतो. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरलं, तिथं हवा आली आणि बारीक पोकळ्यांत पाणी राहिलं की झाला वाफसा. ओळखायची साधी रीत म्हणजे मूठभर मातीचा लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. पडून फुटला तर वाफसा आहे. गोळा तसाच बसला तर रान अजून ओलं आहे. अशा ओल्या रानात ट्रॅक्टर घातला, पेरणीची घाई केली तर त्या पोकळ्या दबून जातात आणि पुढं सगळा हंगाम पाणी वर तुंबतं, मूळ खाली जात नाही. भाड्याचा ट्रॅक्टर आज मिळतोय म्हणून आजच घालायचा, हे मला पटत नाही. पण ट्रॅक्टर गावात एकच असतो, तेही मला माहीत आहे.

आता पिकाच्या खाण्याकडं येऊ. मातीत नत्र, स्फुरद, पालाश असतं, गंधक असतं, जस्त, लोह वगैरे बारीक बारीक अन्नद्रव्यं असतात. असणं वेगळं आणि पिकाला मिळणं वेगळं. कणगीत ज्वारी आहे पण झाकण उघडत नाही, अशी गत. आपल्या भागात हे झाकण बहुतेक वेळा चुन्यानं बसवलेलं असतं. रानात पांढरे बारीक खडे दिसतात ना, त्या चुनखडीमुळं. लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुना आहे. चुन्याच्या जमिनीत स्फुरद चुन्याला बांधलं जातं, लोह आणि जस्त पाण्यात विरघळत नाहीत. म्हणजे लोह मातीत भरपूर, आपला दगडच लोहाचा, तरी पीक लोहावाचून पिवळं.

हे पिवळं पडणं जरा सावकाश बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथं वाया जातो. सोयाबीन महिन्याभराचं झालं, पिवळं दिसायला लागलं की घरातून आवाज येतो, युरिया टाका. खुरपायला तुम्ही असता, पान तुमच्या डोळ्यांपुढं असतं. तर खुरपताना एवढं बघा. आधी पिवळी झालेली पानं खालची, जुनी आहेत की वरची, कोवळी? खालची जुनी पानं सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. नत्र कमी असलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून म्हातारं पान आधी उतरतं. पण वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, जाळीसारख्या दिसत असतील तर ते लोहाचं दुखणं. लोह झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात नेता येत नाही, म्हणून नवीन पान उपाशी राहतं. इथं युरियाचं अख्खं पोतं ओतलं तरी ती जाळी जाणार नाही. लोह मातीत टाकलं तर चुना तेही बांधून ठेवील. इथं पानावर फवारणी लागते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण आहे, पण आधी कृषी सहायकाला पान दाखवा आणि मग फवारा.

तिसरं, पाऊस लागून राहिला आणि रान तुंबलं, म्हणून पिवळं पडलं. तिथं मुळाला हवा नाही. पाणी काढायला चर खणा, वाफसा आल्यावर कोळपा. चौथं, एखादंच झाड, त्याच्या पानावर पिवळे-हिरवे ठिपके आणि चट्टे, शेजारचं झाड हिरवंगार. तो रोग आहे, पांढरी माशी तो पसरवते. ते झाड उपटून पुरून टाका. चार पिवळेपणांची चार औषधं, आणि युरिया फक्त पहिल्याचं. तेही सोयाबीनला बेतानं.

बेतानं का, तेही सांगते. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्या मुळावर गाठी असतात. त्या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात. पेरून ३५-४० दिवस झाले की एक झाड मुळासकट हळू काढा, गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर चालत नाही. युरिया जास्त झाला तर झाड गाठी करायला आळशी होतं. पेरताना बियाण्याला रायझोबियम चोळलं तर गाठी चांगल्या बसतात. त्याचं पाकीट खताच्या पोत्याच्या मानानं फार स्वस्त पडतं.

आता ते कार्ड उघडा. मृदा आरोग्य पत्रिका त्याचं नाव. केंद्राची ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगड इथं सुरू झाली. कार्डावर १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. बाराही पाठ करायच्या नाहीत.

पहिला सामू. ७ म्हणजे ना आंबट ना खारट. साडेसहा ते साडेसात बहुतेक पिकांना मानवतो. आपल्याकडं तो साडेसात ते साडेआठ निघतो. म्हणजे चुन्याची जमीन, आणि वर सांगितलेली सगळी झाकणं बंद. साडेआठच्या वर गेला तर रान चोपण व्हायला लागलंय का ते विचारा. चोपण जमिनीत सोडियम जास्त असतं, तिथं जिप्सम लागतं. पण चाचणी न करता कुणी जिप्सम विकत असेल तर घेऊ नका. क्षारतेचा आकडा १ च्या आत असला म्हणजे ठीक. कोरडवाहू रानात ह्याची फारशी काळजी नाही, उसाला धो धो पाणी देणाऱ्यांनी मात्र तिथं बोट ठेवून बघावं.

जस्त ०.६ च्या खाली असेल तर कमी. लोह ४.५ च्या खाली असेल तर कमी. गंधक १० च्या खाली असेल तर कमी. जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट एकरी ८ ते १० किलो, शेणखतात मिसळून टाकतात. दरसाल लागत नाही. आणि ते डीएपी किंवा सुपर फॉस्फेट यांच्यात कालवून टाकू नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना बांधतात. जस्त ०.६ च्या वर असेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्या.

नत्र, स्फुरद, पालाशाच्या आकड्यापुढं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, किलो प्रति हेक्टर. खत किती टाकायचं तेही पुष्कळदा हेक्टरीच लिहिलेलं असतं. आपण हेक्टरात बोलत नाही, एकरात बोलतो. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. कार्डावरचा हेक्टरचा आकडा एकराला लावला तर अडीचपट खत पडतं आणि अडीचपट कर्ज होतं. वहीत लिहून ठेवा: हेक्टरच्या आकड्याला अडीचनं भागलं की एकराचा आकडा येतो.

एक हिशेब करूनच बघू. समजा कार्डावर सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद लिहिलंय. अडीचनं भागा. एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद. डीएपीच्या पोत्यावर १८:४६:० असं छापलेलं असतं. म्हणजे शंभर किलोत १८ किलो नत्र, ४६ किलो स्फुरद. पोतं ५० किलोचं, म्हणून निम्मं करा. एका पोत्यात ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद. म्हणजे एकराला एका पोत्यात स्फुरद जवळजवळ भागलं आणि नत्र फक्त ३ किलो उरलं. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे पोत्यात साधारण २० किलो. ३ किलोसाठी युरिया लागला साडेसहा किलो. पोतं नव्हे, दोन पायली धान्याइतकंसुद्धा नव्हे. जिथं एकरी दोन डीएपी आणि वर एक युरिया जातोय तिथं किती पैसे उडतात ते तुमच्या गावच्या भावानं तुम्हीच मांडा.

कार्डावर गंधक कमी असेल तर दुसरा रस्ता आहे. सोयाबीन, करडई, भुईमूग ही तेलाची पिकं, त्यांना गंधक लागतंच आणि डीएपीत गंधक नसतं. साध्या सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक असतं. तीन पोती म्हणजे १५० किलो, त्यात २४ किलो स्फुरद आणि साडेसोळा किलो गंधक येतं. त्याच्या जोडीला १२ किलो नत्रासाठी युरिया २६ किलो. दोन्ही हिशेबांचे भाव काढा आणि मग दुकानात जा. दुकानदार "डीएपी संपलंय" म्हणाला तरी तुमचं अडणार नाही. पालाश कार्डात भरपूर असेल, आपल्या काळ्या रानात बऱ्याचदा असतं, तर त्याचंही पोतं कमी करता येतं. खत कुठलंही असो, पेरताना बियाच्या खाली आणि बाजूला पडू द्या. वर फेकलेलं स्फुरद वरच बांधलं जातं आणि वर फेकलेला युरिया अशा चुन्याच्या जमिनीत हवेत उडून जातो. नाकाला झोंबणारा वास येतो ना, तो आपलाच पैसा उडत असतो.

आता राहिला सेंद्रिय कर्ब, ज्याला मी मघाशी दुखणं म्हटलं. कार्डावर हा आकडा टक्क्यात असतो. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, पाऊण टक्क्याच्या वर म्हणजे चांगला. तो कमी असला की बाकी सगळं महाग पडतं. कुजलेल्या अंशाला अन्नद्रव्यं चिकटून राहतात, पावसानं वाहून जात नाहीत. त्याच्यामुळं कणांचे रवे बनतात, पाणी मुरतं. त्याच्यावर कोट्यवधी जीवाणू जगतात आणि तेच बंद झाकणं थोडी थोडी उघडतात. ज्या रानात कर्ब बरा आहे तिथं तेच खत जास्त लागू पडतं.

पण इथं कुणी जादू सांगितली तर विश्वास ठेवू नका. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ९ लाख किलो भरते. त्यात कर्ब नुसता दशांश एक टक्क्यानं वाढवायचा तरी ९०० किलो कर्ब तिथं टिकला पाहिजे. एका ट्रॉली शेणखतात तेवढा नसतो आणि आपल्या उन्हात त्यातला बराचसा वर्षभरात जळून जातो. बाटलीभर द्रव टाकून कर्ब वाढतो असं सांगणारे गावात येतात, त्यांना हा ९ लाखांचा हिशेब विचारा.

मग काय करायचं? जे रानात आहे ते पेटवायचं नाही. काड, धसकटं, पाचट, बांधावरचा पाला, जे जाळलं ते कर्बातूनच गेलं. तुरीचा पाला रानात गळतो, तो तिथंच राहू द्या, तुरीनंतरचं पीक चांगलं येतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. आणि उकिरडा. उकिरडा आपल्या हातातला, तिथं कारभाऱ्याची परवानगी लागत नाही. उघड्यावरच्या ढिगातलं नत्र उन्हानं उडतं आणि पावसानं नालीत जातं. खड्डा करा, सावली करा, शेणावर काडीकचरा, त्याच्यावर मातीचा पातळ थर, आणि ओल राखा. शेण पूर्ण कुजू द्या. कच्चं शेण रानात नेलं की हुमणी मागोमाग येते. गोवऱ्यांचं मी काही बोलत नाही. चूल पेटवायला दुसरं काही नसताना गोवऱ्या थापू नका म्हणणं सोपं असतं. निम्मं शेण खड्ड्यात गेलं तरी चालेल.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या घरी असलेलं जुनं कार्ड तुमच्याच रानाच्या मातीचं असेल असं नाही. सुरुवातीला ह्या योजनेत बागायतीला अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूला १० हेक्टरला एक नमुना घेत होते. १० हेक्टर म्हणजे २५ एकर. त्यात तुमचा मुरमाड तुकडा आणि शेजारच्याचं भारी रान एकाच आकड्यात गेलं असेल. म्हणून ह्या उन्हाळ्यात आपल्या रानाचा नमुना आपण स्वतः काढून द्यायचा. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात तो तपासून मिळतो. गटातल्या दहा जणींचे नमुने एकीनं नेले तर एकाच भाड्यात काम होतं.

नमुना पीक निघाल्यावर आणि शेणखत पसरायच्या आधी काढा. रासायनिक खत टाकून दोन-तीन महिने तरी झालेले असावेत. एक रान एकसारखं दिसत असेल तर त्याचा एक नमुना. रंग, उतार, खोली वेगळी असेल तर वेगळा. बांधाजवळ, झाडाखाली, विहिरीजवळ, जिथं खताचा ढीग होता किंवा जनावरं बसतात तिथली माती घ्यायची नाही. रानात नागमोडी चाला आणि आठ-दहा ठिकाणी थांबा. वरचा काडीकचरा बाजूला करा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करा, आतली सैल माती काढून टाका आणि खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती खरवडून घ्या. खड्डा कुदळीनं काढलात तरी चालेल, पण ही माती लाकडी पट्टीनं घ्या आणि प्लॅस्टिकच्या घमेल्यात जमवा. पत्र्याच्या बादलीला जस्ताचा मुलामा असतो, गंजक्या खुरप्याला लोह सुटतं, आणि आपण नेमकं तेच मोजायला चाललोय. ह्याच कारणानं खताच्या रिकाम्या पोत्यावर माती वाळवायची नाही.

सगळी माती सावलीत स्वच्छ कापडावर पसरून वाळवा, ढेकळं फोडा, खडे आणि मुळ्या काढा. गोल पसरून चुलीवरच्या भाकरीसारखे तिचे चार तुकडे करा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. परत मिसळा, परत चार भाग करा. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. मग कापडी पिशवीत भरा.

पिशवीत एक चिठ्ठी घाला आणि एक बाहेर बांधा. नाव, गाव, मोबाईल नंबर, गट नंबर, रान किती, कोरडवाहू की बागायत, मागचं पीक, पुढं काय पेरणार, नमुना कोणत्या तारखेला काढला. गट नंबर म्हणजे सातबाऱ्यावरचा, आपल्या बचत गटाचा नव्हे. आणि चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, मातीत ओल असली तर पेनाची शाई पसरते आणि प्रयोगशाळेत नाव वाचता येत नाही.